सव्वीस जणांची एक परीक्षा

शाळेच्या ऑफिसात आवक-जावक रजिस्टर सांभाळणाऱ्या कारकूनबाईंना सगळे जावकबाई म्हणायचे. आवक त्याच बघायच्या, पण नावात ती कोणी धरली नव्हती. एकवीस वर्षं त्याच टेबलाशी, त्याच जाळीच्या खिडकीशी. खिडकीच्या पलीकडे मुलं, अलीकडे फायली. खुर्चीच्या पाठीमागे शिक्षकांच्या खोलीचं दार, आणि त्या दारातून आत चालणारं सगळं कानावर पडायचं. त्यामुळे शिक्षकांबद्दल जावकबाईंचं मत काही फार चांगलं राहिलं नव्हतं. "दिवसभर दुसऱ्यांना शिकवून माणसाला वाटायला लागतं, आपलं शिकून झालं," असं त्या म्हणायच्या, आणि समोर शिक्षक असला तरी म्हणायच्या.

त्या वर्षी वरून एक पत्र आलं. मुलांशी ज्यांचा संबंध येतो त्या सगळ्यांनी ऑनलाइन सुरक्षेचं प्रशिक्षण महिन्याच्या आत पूर्ण करायचं. इंटरनेटवर मुलांना कोण कसं फसवतं, मूल सांगायला आलं तर काय करायचं, काय करायचं नाही, असे सहा भाग. प्रत्येक भागात व्हिडिओ, शेवटी वीस प्रश्न, सोळा बरोबर आले की प्रमाणपत्र. सोबत यादी होती: शिक्षक, ग्रंथपाल, खेळाचे सर, समुपदेशक, खुद्द मुख्याध्यापक. एकूण सव्वीस नावं. कारकून आणि शिपाई यादीत नव्हते. जसं काही मुलं त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत.

पत्र वाचून दाखवल्यावर शिक्षकांच्या खोलीत जे झालं ते जावकबाईंनी दारातून ऐकलं. गणिताच्या सरांना पेपर तपासायचे होते. भाषेच्या बाईंचे डोळे स्क्रीनकडे बघून चुरचुरायचे. रोज तासन्‌तास मोबाइलवर साड्या बघताना मात्र ते ठणठणीत असायचे. खेळाचे सर म्हणाले, "मला शिट्टी वाजवायला सांगा, दिवसभर वाजवतो." विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, "आम्हाला काय मुलं कळत नाहीत? अठरा वर्षं काय गोट्या खेळलो?"

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी जावकबाईंना आत बोलावलं.

"तुमचा हात कॉम्प्युटरवर बसलेला आहे," ते म्हणाले. "तुम्हीच एकदा बसून उरकून टाका."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं म्हणजे काय, प्रशिक्षण एकच तर आहे."

"एकच आहे साहेब. फक्त सव्वीस वेळा."

साहेब हसले. त्यांना तो होकार वाटला, आणि खरं म्हणजे होताही. वरून हुकूम आला की खाली ढकलायचा, तो जिथे जाऊन थांबतो तिथे जावकबाईंचं टेबल, हे एकवीस वर्षांत ठरून गेलं होतं.

पासवर्ड चिठ्ठ्यांवर आले. एकाने उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानाचा तुकडा फाडला होता, एकीने औषधाच्या पावतीच्या मागे लिहिलं होतं. खेळाच्या सरांचा पासवर्ड एक ते आठ असा सरळ होता. साहेबांचा पासवर्ड त्यांचा हुद्दा आणि पुढे एक. विज्ञानाच्या मॅडमनी चिठ्ठी देताना बजावलं, "मला पैकीच्या पैकी हवेत हं. बाकीच्यांचं काय ते तुम्ही बघा."

व्हिडिओ पुढे पळवता यायचा नाही. एक बाई गोड आवाजात सांगायची आणि जावकबाई ऐकायच्या. तिसऱ्या भागात ती म्हणाली, "आपला पासवर्ड कोणालाही, अगदी सहकाऱ्यालाही देऊ नये." समोर पेपरवेटखाली सव्वीस चिठ्ठ्या फडफडत होत्या. जावकबाई पहिल्यांदा एकट्याच खळखळून हसल्या. दहाव्यांदा त्यांना हसू आलं नाही.

ऑफिसात वेळ पुरेना, म्हणून संध्याकाळी घरी बसायच्या. सासूबाई समोर मटार सोलत असायच्या. चौऱ्याहत्तर वय, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"मला विचार ते प्रश्न," त्या म्हणाल्या. जावकबाईंनी एक वाचला, "मुलगी म्हणते, नेटवर एक माणूस त्रास देतोय. मग?"

मग पर्याय वाचले. फोन काढून घ्याल. तिने असं का केलं ते विचाराल. शांतपणे ऐकून घ्याल आणि सांगितलंस ते चांगलं केलंस असं म्हणाल.

"यात विचारायचं काय आहे?" सासूबाई म्हणाल्या. "तोंडात मारल्यासारखं विचारलं तर पुन्हा सांगेल का कोणी? आणि हे तुझे ते सव्वीस जण स्वतः का नाही देत?"

"साहेबांनी मला सांगितलंय."

"साहेबांनी त्या सगळ्यांचे दात घासायला सांगितले असते तर?"

जावकबाईंनी पुढच्या प्रश्नावर टिचकी मारली. सासूबाईंना वीसपैकी अठरा आले. दोन चुकले ते फोनच्या सेटिंगचे.

बारा दिवसांत सव्वीस जण पास झाले. संशय नको म्हणून जावकबाईंनी कोणाला सतरा दिले, कोणाला अठरा. साहेबांना मुद्दाम सोळा. विज्ञानाच्या मॅडमना वीस. प्रमाणपत्रं छापून, प्लास्टिकमध्ये घालून जिन्याच्या भिंतीवर ओळीने लावली. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने त्या भिंतीसमोर उभं राहून फोटो काढला. शाळेला शाबासकीचं पत्र आलं. ते जावकबाईंनी आवक रजिस्टरात नोंदवलं आणि फाइलला लावलं.

तीन महिने गेले. एका दुपारी मधल्या सुट्टीनंतर नववीतली एक मुलगी खिडकीशी आली. शाळा सोडल्याचा दाखला काढायला कोणता अर्ज लागतो, विचारू लागली.

"कशाला गं?"

"बाबांची बदली झाली."

जावकबाईंना शाळेतल्या निम्म्या मुलांच्या घरचं तोंडपाठ होतं. या मुलीच्या बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, शाळेपासून चार गल्ल्या सोडून. दुकानाची बदली होत नाही. त्यांच्या ओठावर आलंच होतं की खोटं का बोलतेस. पण सव्वीस वेळा ऐकलेला तो गोड आवाज मध्ये आला, आणि त्या उठल्या. खिडकी लावली, मुलीला आत बोलावलं आणि टेबलाच्या पलीकडे न बसता तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"अर्ज देते," त्या म्हणाल्या. "घाई नाही. बस जरा."

मुलगी बसली. बराच वेळ तिने दप्तराच्या पट्ट्याचा दोरा उसवला. मग सांगू लागली. तिची नेटवर एक मैत्रीण झाली होती. दुसऱ्या शाळेतली, तिच्याच वयाची, असं तिला वाटत होतं. दोन महिने गप्पा. मग मैत्रिणीने एक फोटो मागितला, मग आणखी एक, नको तसला. तो पाठवल्यावर मैत्रिणीचा सूर बदलला. आता रोज नवा फोटो पाठव, नाहीतर हा सगळ्या वर्गाला पाठवीन.

"कोणाला सांगितलंस?"

"विज्ञानाच्या मॅडमना."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

"काय म्हणाल्या?"

मुलीने मान वर केली नाही. "म्हणाल्या, तू पाठवलासच कसा. मग म्हणाल्या, सगळं डिलीट कर, अकाउंट बंद कर. म्हणाल्या, घाबरू नको, मी कोणाला सांगणार नाही, तूपण सांगू नको."

जावकबाईंना व्हिडिओतली वाक्यं आठवली. दोष देऊ नये. पुरावा पुसू नये. गुप्त ठेवण्याचं वचन देऊ नये. पाचव्या भागावरच्या एकाच प्रश्नाचे हे तीन चुकीचे पर्याय होते, आणि मॅडमनी तिन्ही मुलीच्या पदरात घातले होते. त्या प्रश्नाला मॅडमच्या नावापुढे बरोबर खूण होती. ती कोणाच्या हाताची, हे जावकबाईंइतकं कोणाला ठाऊक होतं? इतका वेळ त्यांना मॅडमचा संताप येत होता. आता तो संताप वळून त्यांच्याच अंगावर आला. मॅडमना निदान माहीत नव्हतं. माहीत होऊ न देण्याची व्यवस्था बारा दिवस बसून कोणी केली होती?

"मला सांगितलंस ते फार चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. हे वाक्य व्हिडिओतलं होतं. "हे गुप्त ठेवीन असं मी म्हणणार नाही. मदत करू शकतील अशांना सांगावं लागेल. पण कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. आता त्या मेसेजांपैकी काही उरलंय का?"

उरलं होतं. जुनं अकाउंट बंद करून तिने नवं उघडलं होतं, काल त्यावरही धमकी आली होती. जावकबाईंनी फोन हातात घेतला नाही, फोटो बघायला मागितला नाही. धमकी पुसू नकोस एवढं सांगितलं. मग कागद घेऊन मुलीने जे जसं सांगितलं ते तसंच, तिच्याच शब्दांत लिहिलं, खाली तारीख आणि वेळ टाकली. आता साहेबांना सांगते, असं तिला सांगूनच त्या उठल्या.

मुख्याध्यापक जेवून सुस्तावले होते.

"हे प्रकरण अशा तक्रारींसाठी शाळेने नेमलेल्या व्यक्तीकडे आजच्या आज जायला हवं," जावकबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे. कोण आहे आपल्याकडे नेमलेली व्यक्ती?"

"तुम्ही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मी?"

"पहिल्या भागाच्या शेवटी फॉर्म होता. तुमच्या नावाने भरलाय."

साहेबांनी कागद वाचला. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे, ती होऊ द्या, म्हणाले. शाळेचं नाव, म्हणाले. मुलीचंही नाव खराब होईल, म्हणाले. शाळेच्या नावानंतर तिच्या नावाचा नंबर लागला एवढंच तिचं नशीब. शेवटी म्हणाले, "आणि बाई, हे शिक्षकांचं काम आहे. तुम्ही यात कोण?"

"मी सव्वीस वेळा पास झालेली," जावकबाई म्हणाल्या. "त्यातले एकदा तुम्ही होतात, आणि काठावर होतात. तुम्ही फोन लावता की मी लावू?"

साहेबांनी फोन लावला. आधी मुलीच्या आईला, मग सायबर पोलिसांना.

आई धापा टाकत आली. दारातच तिने मुलीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. काय बोलणार ते जावकबाईंना दिसत होतं. त्यांनी तिचा हात धरला. "ताई, आधी जवळ घ्या तिला. रागवायला जन्म पडलाय." आईने घेतलं जवळ.

पुढचं काम पोलिसांनी केलं, आणि नीट केलं. धमकीतून माग काढत सहा आठवड्यांनी ते एका चाळीस वर्षांच्या माणसापर्यंत पोचले. बायको-मुलं असलेला, चांगल्या नोकरीतला. त्याच्या फोनवर आणखी चार मुली होत्या. या मुलीचा फोटो वर्गात कोणापर्यंत पोचला नव्हता.

तपास चालू असताना जबाब घ्यायला आलेल्या महिला अधिकाऱ्याने जिन्याची भिंत बघितली. साहेब तिला दाखवतच होते. विज्ञानाच्या मॅडमच्या प्रमाणपत्राशी ती थांबली. "वीसपैकी वीस. म्हणून मुलगी तुमच्याकडे आली," ती म्हणाली. मॅडम शेजारीच होत्या, लाजल्या. "कर्तव्यच आहे ते आमचं," म्हणाल्या. आयत्या बिळावर नागोबा पाहिले होते, पण बीळ उकरणाऱ्याच्या डोळ्यांदेखत फणा काढून डोलणारा जावकबाईंनी पहिल्यांदाच पाहिला. त्या तिथेच, साहेबांसमोर म्हणाल्या, "ही सव्वीसच्या सव्वीस मी परीक्षा देऊन मिळवली आहेत. लिहून देते."

आणि लिहून दिलं. चिठ्ठ्या अजून खणात होत्या, त्याही जोडल्या.

मग शाळेत जे उसळलं ते मुलीला धमकी आली तेव्हाही उसळलं नव्हतं. शिक्षकांची खोली पेटली. विश्वासघात, म्हणाले. भाषेच्या बाईंना रडू आलं. अकरा दिवस एक मुलगी कशी राहिली असेल याचं नव्हे, आपलं अक्षर पोलिसांच्या फायलीत गेलं याचं. जावकबाईंना मेमो मिळाला: इतरांचे पासवर्ड वापरून शाळेची फसवणूक. खाली साहेबांची सही. त्यांनी खुलाशात एकच ओळ लिहिली, "आरोप मान्य आहे, पासवर्ड दिले कोणी तेही विचारावं." त्यांची एक वेतनवाढ थांबली. साहेबांना समज मिळाली, म्हणजे काहीच मिळालं नाही. आणि सव्वीस जणांना दोन दिवस सभागृहात बसवून समोरासमोर प्रशिक्षण झालं, शेवटी हाताने लिहायची परीक्षा. नऊ जण नापास झाले. खेळाच्या सरांनी मात्र सगळ्यांत जास्त गुण काढले, आणि हे मान्य करताना जावकबाईंच्या जिवावर आलं. त्यांना स्वतःला त्या सभागृहात बोलावलं नाही. यादी जुनीच होती.

विज्ञानाच्या मॅडम महिनाभर बोलल्या नाहीत. मग एकदा शाळा सुटल्यावर टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"ती माझ्या तासाला मान वर करत नाही," त्या म्हणाल्या. "मी काय बोलू तिच्याशी? तुम्हाला ते सगळं पाठ आहे."

"ते कुठल्याच भागात नाही," जावकबाई म्हणाल्या. "चुकलं म्हणा. प्रश्न विचारू नका, कारणं सांगू नका. चुकलं म्हणा आणि निघून या."

मॅडमनी तसं केलं की नाही ते कळलं नाही. तोंड पाडून गेल्या एवढं खरं.

मुलीने दाखला काढला नाही. पुढच्या वर्षी ती दहावीत आली. ऑफिसच्या खिडकीवरून दिवसातून चारदा जाते, मैत्रिणींच्या घोळक्यात, पण खिडकीकडे बघत नाही. अर्ज द्यायचा असला तर मैत्रिणीच्या हाती पाठवते. शिपायाने एकदा म्हटलंसुद्धा, "एवढं केलंत तिच्यासाठी, साधी ओळख दाखवत नाही."

जावकबाई शिक्के मारत होत्या. "तिला मी दिसले की तो दिवस दिसतो," त्या म्हणाल्या. "नको बघू दे." आणि ती जायची वेळ झाली की त्या आपणहून पाठ वळवून कपाटातल्या फायली लावत बसतात.