अख्तरुन्निसाला नवल वाटलं

बहारीनच्या मुहर्रक शहरातल्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत राहणाऱ्या अख्तरुन्निसाला कशाचंही नवल वाटत नसे. बाणकोट खाडीच्या काठची ही बाई लग्नानंतर बोटीने बहारीनला आली, आणि बंदरावर पाय ठेवल्या ठेवल्या नवऱ्याला म्हणाली, "ह्योच ना तुमचा परदेस? त्यात काय येवढा!" नवरा फारुख लाकडी गलबतं दुरुस्त करणारा सुतार. बिचाऱ्याने हौसेने दाखवलेली प्रत्येक गोष्ट तिने याच तीन शब्दांत निकालात काढली. समुद्रावरून थेट सौदीला जाणारा पूल झाला तेव्हा अख्खं बहारीन गाड्या काढून बघायला लोटलं होतं. ही पुलाच्या मध्यावर उभी राहून म्हणाली, "पान्यावर रस्ता. त्यात काय येवढा!" पुढे सीफ भागात मोठाले मॉल उभे राहिले. सरकत्या जिन्यावर शेजारणी किंचाळल्या. हिने नुसता बुरखा सावरला आणि भेंडीचा भाव विचारायला निघावं तशी वर गेली.

गल्लीत या सवयीची टिंगल व्हायची खरी, पण वेळप्रसंगी सगळ्यांना तिचाच आधार होता. कुवेतच्या लढाईच्या दिवसांत भोंगे वाजायला लागले, जळत्या तेलाच्या धुराने आभाळ काळवंडलं, तेव्हा आजूबाजूच्या कोकणी बायका पोरं घेऊन हिच्याच खोलीत येऊन बसत. ही तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "फटाके हायत गो, त्यात काय येवढा!" आणि पोरं खरोखरच झोपी जात. परमुलखात संसार करायचा तर आईने घाबरून कसं चालेल, असं तिचं साधं गणित होतं.

ते गणित अठ्ठ्याण्णव साली चुकलं. धाकटी मुलगी सदफ लग्न होऊन सौदीच्या नैऋत्येला, उंच डोंगरपठारावरच्या एका लहानशा गावी गेली होती. जावई वकार तिथल्या विमानतळावर इलेक्ट्रिशियन. सदफला मुलगा झाला, दोन दिवस जगला आणि अल्लाला प्यारा झाला. फोनवर लेक धाय मोकलून रडत होती, आणि आईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "रडू नको गो. त्यात काय येवढा, व्हईल पुन्ना."

पलीकडचं रडणं एकदम थांबलं. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर सदफ आईच्या फोनवर आलीच नाही. वकारच काहीबाही सांगायचा: ती झोपलीय, ती नमाजला बसलीय. एकदा मात्र हळूच म्हणाला, "अम्मी, ती कुनाशीच बोलत नाय. तुमचा नाव काढला तर उठून जाते."

कुठून ते शब्द जिभेवर आले, असं अख्तरुन्निसाला दिवसातून दहादा वाटे. व्हिसा हातात पडला तशी ती फारुखला घेऊन निघाली. लेक आपल्याला दारात उभं करील की नाही, एवढी एकच धाकधूक होती. सबुरीचे, अल्लाच्या मर्जीचे चार चांगले शब्द तिने वाटेभर मनाशी जुळवून ठेवले.

जेद्दाला विमान बदललं. मुंबईच्या विमानात ती नेहमी मधल्या सीटवर बसून डोळे मिटून घ्यायची. या छोट्या विमानात खिडकीच वाट्याला आली. पलीकडे फारुख, आणि त्याच्या शेजारी शैलेंद्र नावाचा पुण्याचा इंजिनियर. गावात पाण्याच्या पाइपचं काम काढलं होतं, त्यासाठी तो चालला होता.

किनारा मागे पडला आणि समोर डोंगरांची भिंत उभी राहिली. विमानाने ती ओलांडली, आणि अख्तरुन्निसाने कपाळ काचेला टेकवलं ते काढलंच नाही. भिंतीपलीकडे उतार नव्हताच. तिथून जमीन तशीच उंचावर सुरू होत होती, तांबडी, करडी, कुठे जांभळट, नजर थकेपर्यंत. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. बहारीनसारखा चपटा मुलूख पाहिलेल्या डोळ्यांना हे कुठे ठेवावं ते कळेना. आणि त्या सगळ्या पसाऱ्यातून फांद्या फुटलेले रुंद रुंद पट्टे वळणं घेत गेले होते.

"ओ सदफचे बावा," ती हरखून म्हणाली, "खाड्या बघा किती! आमच्या बानकोटसारख्याच. ओहोटी लागलीय. भरती कवा येते हय?"

फारुखने पाहिलं, त्यालाही त्या खाड्याच वाटल्या. शैलेंद्र वाकून म्हणाला, "खाड्या नाहीत त्या, काकू. इथे समुद्र कुठला? कोरड्या नद्या आहेत."

"मंग पानी?"

"पाऊस झाला तर एखादा दिवस धो धो वाहतात. काहींना वर्षानुवर्षं थेंब नाही. काही तर आता कधीच भरत नाहीत."

खाडीकाठी जन्मलेल्या बाईला, गेलेलं पाणी परत येतं हे कुणी शिकवावं लागत नाही. चिखल उघडा पडतो, होड्या कलंडतात, आणि जेवणं आटोपेपर्यंत पाणी पुन्हा पायरीला लागलेलं असतं. अख्तरुन्निसाने सगळी भीती, सगळी दुःखं याच भरवशावर मागे टाकली होती. आणि इथे त्याच अल्लाच्या जमिनीवर केवढाली पात्रं उघडी पडली होती, पाण्याविना. त्यातलं एकेक पात्र तिच्या सगळ्या बहारीनहून मोठं वाटत होतं. तिला भीती वाटली. त्या भीतीत कुठेतरी इतकं सुंदरही वाटलं की डोळे भरून आले. आपण लेकीला काय बोलून बसलो ते तिला आत्ता, इथे, पुरतं उमगलं.

"या अल्ला," एवढंच ती पुटपुटली. फारुख तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. इतक्या वर्षांत 'त्यात काय येवढा' न म्हणता तिने काही पाहिलं, ते आज प्रथमच.

मग विमान उतरू लागलं. उतरू लागलं म्हणायचं, पण तिला वाटलं, जमीनच उठून वर येतेय. कानांना दडे बसले. खाली विमानाची सावली टेकड्यांवरून धावत होती. चिमणीएवढी होती ती बघता बघता ढगाएवढी झाली आणि चाकांखाली येऊन मिळाली.

विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक पांढरी बैठी इमारत आणि तारेचं कुंपण. कुंपणाबाहेर दोन-चार पिकअप गाड्या, आणि त्यांच्यामागे पुन्हा तीच न संपणारी जमीन. ऊन लख्ख, पण हवा गार आणि विरळ. चार पावलं चालताच धाप लागली. इंजिन बंद झालं तशी अशी शांतता पसरली की तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. आपली पोर रोज या शांततेत एकटी बसते, हे तिच्या मनात आलं.

फाटकाशी वकार होता. त्याच्या मागे सदफ. वाळली होती. तिने बापाला सलाम केला, आईला केला नाही. जमिनीकडे पाहत उभी राहिली.

अख्तरुन्निसाने जुळवून आणलेलं सगळं वाऱ्यावर गेलं. तिने लेकीचा थंडगार हात दोन्ही हातांत घेतला आणि कुठल्याही बाळंतिणीला विचारावं तसं विचारलं, "कुनावर गेलावता गो?"

सदफने मान वर केली. डॉक्टर काय म्हणाले ते सगळ्यांनी विचारलं होतं. सबर कर, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. हे मात्र तिला कुणी विचारलं नव्हतं.

"हनुवटी तुजी होती, अम्मी," ती म्हणाली. हात सोडवून तिने आईच्या हनुवटीवर बोट टेकवलं. "खळी होती. हय, अशी."

"आनि केस?"

"लय होते. कानांवर येत होते."

"आनि बोटा?"

सदफने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडत रडत सांगू लागली. फारुख आणि वकार बॅगा घेऊन थोडे लांब उभे राहिले. पिकअप गाड्या एकेक करून निघून गेल्या, तरी चला म्हणायचं कुणाच्याही मनात आलं नाही.