मंदारने सॉफ्टवेअर निवडलं

मंदारला बायको निवडायला एक चहा पुरला. म्हणजे मला. कॅसेटींसाठी सॉफ्टवेअर निवडायला मात्र त्याला सात महिने लागले. या संसारात आपली पायरी कोणती, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही मूळचे सांगलीचे, पोटासाठी चेन्नईत आलो. मंदार अंबत्तूरला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात संगणक सांभाळतो. राहायला मैलापूर. खालच्या मजल्यावर बालाजीराव, गणिताचे निवृत्त मास्तर. घराणं तंजावरचं. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि चाल तमिळ. पहिले काही महिने मला निम्मी कळायचीच नाही.

गेल्या श्रावणात ते तेवीस कॅसेटी पिशवीत घालून वर आले. त्यांची बायको त्रिपुरसुंदरी जाऊन चार वर्षं झाली होती. दर नवरात्रात त्यांच्याकडे कोलू मांडायचे, बाहुल्यांच्या त्या पायऱ्यांपुढे बायका गायच्या आणि त्रिपुरसुंदरीबाई स्वतःही गात टेप चालू ठेवायच्या. आता घरातला टेपरेकॉर्डर बंद पडला होता.

"गाणीं राहूं द्या," बालाजीराव म्हणाले. "एका टेपेंत तिणें माझें नांव घेतलें आहे. आईनें हट्ट धरिला म्हणून. अवघ्या जन्मांत तेवढें एकदांच. कोणती टेप तें आठवत नाहीं. तें मज एकदां ऐकायचें."

एवढंच काम. माझ्या ऑफिसातल्या हरिणीकडे चालू टेपरेकॉर्डर होता, तो मी दुसऱ्याच दिवशी आणला. एकेक कॅसेट लावली असती तर आठवड्यात सापडलं असतं. पण मंदार म्हणाला, "असं नसतं गं करायचं. आधी नीट सिस्टिम लावू." मीही मुकाट्याने बाजूला झाले. त्याबद्दल मला अजून माझाच राग येतो.

मग तक्ता झाला. वाजवायची सॉफ्टवेअर सहा, फॉरमॅट बदलायची नऊ, फायली लावून ठेवायची अकरा. प्रत्येकाला दहापैकी गुण. शनिवार-रविवार तो परदेशातल्या कुणा दाढीवाल्याचे व्हिडिओ बघायचा आणि जेवताना मला एमपीथ्रीने आवाजाचं काय नुकसान होतं ते सांगायचा. ऐकणारे बालाजीराव एक्क्याऐंशीचे, कानात यंत्र! पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतर कोण सांगणार? बालाजीराव जिन्यात भेटले की विचारायचे, "झालें कीं?" आणि हा म्हणायचा, "काका, फक्त फायनल करायचं राहिलंय."

फाल्गुनात एकदाचं फायनल झालं. टेप संगणकात उतरल्या. सॉफ्टवेअरने त्यांतली गाणी आपोआप सुटी केली, खरखर काढली, प्रत्येक गाण्याला साल आणि चित्र चिकटवलं. मूळ फायली जागा फार खातात म्हणून मंदारने त्या पुसल्या. कॅसेटी आता कशाला, म्हणून त्या कारखान्यातल्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकल्या. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. मग दोनशे चौदा गाण्यांचा पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन, स्वारी मला सोबत घेऊन खाली गेली.

बालाजीराव आंघोळ करून, अंगवस्त्र पांघरून बसले होते. मंदारने सगळं फिरवून दाखवलं, सालवार, रागवार. म्हातारा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आणि तें नांव घेतलेलें?"

मंदारने शोधलं. पुन्हा शोधलं. मग सेटिंग उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला. अर्ध्या मिनिटाहून लहान तुकडा म्हणजे खोकला नाहीतर खुर्चीचा आवाज, असं धरून ते तुकडे पुसायला त्यानेच सांगितलं होतं. नाव घ्यायला किती वेळ लागतो? लाजत, अडखळत घेतलं तरी दहा सेकंद. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे सॉफ्टवेअरने शिकवायचं का? मला त्याची इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"परवायिल्लै," बालाजीराव म्हणाले. असू दे.

इथे तरी मंदारने गप्प बसावं! पण नाही. "काका, तो उखाणा तुम्हाला पाठ असेल ना? तुम्ही मला लिहून द्या. गाण्यांतून काकूंचा आवाज मिळालाय, एआयने अगदी त्यांच्या आवाजात म्हणवून घेतो. तीन-चार चांगली सॉफ्टवेअर आहेत, मी कंपेअर करतो."

बालाजीरावांनी हात जोडले. मंदारला, त्यांच्या नातवाच्या वयाच्या माणसाला.

"नको, बाबा," ते म्हणाले. "सासूची आज्ञा म्हणून, भरल्या घरांत लाजून, एकदां घेतलें तिणें. आतां ती नाहीं म्हणून यंत्राकडून पुनःपुन्हां घेववूं नका."

मग त्यांनी उठून स्वतः कॉफी करून आणली. मंदार प्यायला. मी माझा कप भरलेलाच आत नेऊन ठेवला.