लखूच्या हातची काकवी

बाजारकुणंग गावच्या एका रानवाडीत लखू कुणबी राहायचा. लोक त्याला 'लखूमावशी' म्हणायचे, आणि तेही तोंडावर. दिवसभर जंगलात सागाचे ओंडके ओढणारा दांडगा गडी, पण घरी आला की कमरेला पंचा खोचून चुलीपुढं बसायचा. बायको गेली तेव्हा लेक फुला आठ महिन्यांची होती. दुसरं लग्न कर म्हणून सांगणाऱ्यांची वाडीत वाण नव्हती. लखू सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि तव्यावरची भाकरी उलटायचा.

फुलाला त्यानं झाडकणंगावर वाढवलं. झाडकणंग म्हणजे पुरुषभर उंच झाडाच्या मुळाशी लागणारा लांबोडका कंद. पुढं लोक ज्याचा साबुदाणा करू लागले, तोच. तो सोलून किसायचा, पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचा, की भांड्याच्या तळाशी पांढरंशुभ्र सत्त्व बसतं. त्या सत्त्वाची पेज लखू लेकीला भरवायचा. पेज व्हायची घट्ट, पोर तोंड फिरवायची. एकदा त्यानं पेज जरा निवू दिली, तिच्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ कालवलं आणि लाकडं फोडायला गेला. परत येऊन बघतो तर पेज पाण्यासारखी पातळ, आणि वर गोड. त्याला वाटलं, शेजारच्या काशीवहिनीनं गूळ टाकला असणार.

"माज्या घरात गूळ असता तर मी तो तुज्या पेजंत टाकला असता व्हय?" काशीवहिनी म्हणाली.

मग हीच पेज गाळून आटवली तर काकवी होईल, हे लखूनं आपल्या डोक्यानं काढलं. पहिल्या खेपेला उतावीळपणा नडला. पीठ त्यानं सत्त्वाच्या रटरटत्या खळीत टाकलं. मोडाचा गुण भाजून मेला आणि खळ खळच राहिली. करायला गेला गणपती अन् झाला मारुती. काशीवहिनीनं ती खळ नेऊन नवऱ्याच्या पंचाला लावली, आणि तो पंचा आठ दिवस भिंतीला टेकून उभा राहत होता असं ती अजून सांगायची. पण लखू चिवट. पुढच्या खेपांत त्याला नेमकी वेळ साधली, आणि मधासारखी लालसर काकवी त्याच्या मडक्यात दिसू लागली.

फुला सतरा वर्षांची झाली. भात कापायची, लाकडाची मोळी उचलायची, झऱ्यावरून दोन-दोन घागरी आणायची. पण चुलीची धग लखूनं तिला कधी लागू दिली नव्हती. ती चुलीपुढं बसली की हा म्हणायचा, "ऊठ गं, भाजंल." हे त्याचं प्रेम होतं, आणि हाच त्याचा मूर्खपणा.

त्या साली उळवीच्या जत्रेत रुक्मिणीअज्जीनं फुलाला पाहिलं आणि आपल्या नातवासाठी, नागूसाठी, तिला मनात धरलं. अज्जी त्या बाजूच्या चार वाड्यांत वजन असलेली बाई. तिचा निरोप आला तो असा, की पोर आवडली, पण आईविना वाढलेली. तिला चूल कुणी शिकवली असणार? घरी येऊन बघते, मग बोलते.

 इतकं चांगलं घर पुन्हा चालून आलं नसतं, आणि नागूचं नाव निघालं की फुलाची मान खाली जायची, हे लखूला दिसत होतं. त्यात घरात गुळाचा खडा नव्हता. आलेल्या पाहुण्याच्या हातावर गूळ आणि पाणी पडल्याशिवाय सोयरिकीची गोष्ट काढायची नाही, ही रीत. आणि त्या हंगामात लाळ्या-खुरकुतीच्या साथीनं बैल बसलेले. खानापूरकडून गुळाची एक गाडी आली नव्हती.

लखूनं झाडकणंग उपटले आणि तीन दिवस खपून काकवी केली. मग लेकीला जवळ बसवून म्हणाला, "अज्जीनं इचारलं तर काकवी तूच केलीस म्हनून सांग." फुला घागर उचलून झऱ्याकडं निघाली. लखूनं तोच होकार धरला.

अज्जी आली, ओसरीवर बसली. फुलानं फणसाच्या पानाच्या द्रोणात काकवी आणि तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. अज्जीनं बोटानं चाखली, डोळे बारीक केले, पुन्हा चाखली.

"उसाची न्हवं ही. नाचनीचा वास येतोय हिला."

"झाडकणंगाची," लखू घाईनं म्हणाला. "पोरीनं केलीय."

अज्जी फुलाकडं वळली. "खळीत नाचनी घालायची येळ कशी वळखतीस गं?"

फुलानं बापाकडं पाहिलं, मग अज्जीकडं. "मला न्हाई ठावं, अज्जी. बानं केलीय. समदं त्योच करतोय. मला तेनं लहानपनापासनं ह्याच्यावर वाढवलंय, आनि तेच्या हातचं मी माजं म्हनून कसं सांगू?"

दाराआड उभ्या काशीवहिनीनं कपाळावर हात मारला. लखूला वाटलं, धरणी दुभंगावी. अज्जी मात्र त्याच्याकडं बघत होती. "मग तू सांग."

"बोट बुडवून बगायचं," लखू खाली मान घालून म्हणाला. "झट्कन काडावंसं वाटलं पायजे, पन फोड याया न्हाई पायजे. जास्त ऊन तर मोड मरतंय, निवली तर आंबतीय."

"हात दाव."

लखूनं हात पुढं केला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक भाजून भाजून निबर झालेलं. अज्जीनं ते चाचपलं, मग फुलाचं बोट हातात घेतलं. ते मऊ होतं.

"खोटं न्हाई बोलली, म्हनून नातसून माजी," अज्जी म्हणाली. "अकितीच्या सणाला लगीन करू. पन लग्नाची काकवी हिच्या हातची पायजे. तू तुज्या मायेनं हिला पांगळी केलीस, लखू. नांदायला तू न्हाई येनार हिच्यासंगं."

लखूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही. बारा गावं हिंडला असता तरी इतकं खरं त्याला कुणी सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं खळ शिजवून मडकं खाली उतरवलं आणि स्वतः चार हात लांब जाऊन बसला. फुलानं बोट बुडवलं. बोट भाजलं, ती कळवळली आणि सवयीनं बापाकडं बघू लागली. लखू अर्धा उठला होता. तो परत खाली बसला.

"ऊन हाय अजून," तो म्हणाला. "जरा थांब, आनि परत बुडव."