सुई दोघींना टोचली

"हातमोजे घालायचे ना, मावशी! आता साबणाने धुवा आणि कामाला लागा."

शिकाऊ डॉक्टर मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला. माझ्या अंगठ्यातून रक्त गळत होतं. हातमोजे घातलेलेच होते. पातळ. सुईला त्याचं काय?

मी नगरच्या एका मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात सफाईला आहे. कंत्राटी. सुया टाकायला वॉर्डात वेगळा जाड डबा आहे. पण तो दाराशी, आणि या शिकाऊ पोरांना घाई. म्हणून सुई सरळ कचऱ्याच्या पिशवीत. पिशवी बांधताना ती मला टोचली. वर ही पोरं हसत एकमेकांना सांगतात, "टोचून घेतल्याशिवाय कुणी डॉक्टर होत नाही."

मागच्याच आठवड्यात एका विद्यार्थिनीला टोचली होती. वापरलेल्या सुईला टोपण लावत बसली होती. रडायला लागली. तिच्या मॅडम धावत आल्या. खुर्ची, पाणी, रक्ततपासणी, गोळ्या, सुट्टी. "बाळा, घाबरू नकोस." मी तिथेच फरशी पुसत होते.

मला हेवा वाटला. तिच्या शिक्षणाचा नाही, पांढऱ्या कोटाचाही नाही. तिच्या रडण्याचा. ती रडली की माणसं धावतात. आणि त्या गोळ्यांचा. टोचल्यावर आजार होऊ नये म्हणून गोळ्या असतात, हे मला तेव्हा कळलं. त्याआधी मलाही टोचलं होतं. हात धुऊन घरी गेले होते.

या वेळी गेले नाही. झाडू ठेवला, खाली तपासणीच्या खोलीत जाऊन बसले.

"मावशी, ती पेशंटची खुर्ची हाय," वॉर्डबॉय म्हणाला.

"म्हनूनच बसले."

सुपरवायझर आला. "ए बाई, नाटकं बंद कर. उद्यापासून घरीच बसायचंय का?"

"उद्याचं उद्या. आदी रक्त तपासा. त्या पोरीला दिल्या त्या गोळ्या मला द्या. तवर उठनार न्हाई."

गर्दी जमली. शेवटी त्याच मॅडम आल्या. मला कुणी बाळा म्हटलं नाही. रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. सुट्टी दिली नाही.

गोळ्यांनी मळमळतं. तरी कामावर जाते. हेवा गेलेला नाही, मी तो जाऊही देणार नाही. पिशवीत सुई दिसली की ती पिशवी मी वॉर्डाच्या मधोमध ठेवते. मोठ्या डॉक्टरांना राउंडला वळसा घालून जावं लागलं तर लागू दे. ज्याने टाकली, त्याने निस्तरावं. माझा हात आत जाणार नाही.