फोटोत काय आहे

उत्तरेतल्या आमच्या शहरात, गोमती नगर भागातल्या एका वकिलांच्या फर्मची वेबसाइट मी अंधांना वापरता येईल अशी करत होतो. "अंधा आदमी फोटो का क्या करेगा, यार?" थोरले वकील हसले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. पडद्यावरचा मजकूर संगणक वाचून दाखवतो, पण फोटो आला की नुसतं "चित्र" म्हणतो. म्हणून प्रत्येक फोटोचं वर्णन लिहावं लागतं.

ती वर्णनं ऐकून तपासायचे माझे बाबा. संशोधन संस्थेतून निवृत्त झाले आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. एका फोटोला मी "छान फोटो" लिहिलं, तर कडाडले, "छान म्हणजे काय? दिसतंय काय ते लिही!" मग मी मुकाट्याने सगळ्या वकिलांचे कोट, चष्मे, मिशा, टकलं लिहून काढली.

त्याच आठवड्यात बहिणीने पुण्याहून तिच्या तान्ह्या मुलीचा पहिला फोटो पाठवला.

"कशी दिसते रे?" बाबांनी विचारलं.

मला काम संपवायचं होतं. "छान आहे," म्हणालो.

मला वाटलं, आता कडाडतील. त्यांनी नुसती मान हलवली. त्यानंतर कुठल्याच फोटोबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही.