एकाच्या इंजेक्शननं भागत नाही

दातांच्या डॉक्टरचे किस्से जेवणाच्या टेबलावर चालतात. हाडांच्या डॉक्टरला तर लोक आग्रह करून बोलतं करतात. आमच्या खात्याचे किस्से कुठेच सांगता यायचे नाहीत, म्हणून माझ्याकडे इतके साठलेत! यजमानांची रेल्वेत कलकत्त्याला, गार्डन रीचच्या ऑफिसात बदली झाली आणि मला तिथल्या एका सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी मिळाली. डिपार्टमेंट, गुप्तरोग.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. एड्स हा शब्द तेव्हा कोणी ऐकलेला नव्हता. आमच्याकडे असायचा सिफिलिस, लोकांच्या भाषेत गरमी. पेनिसिलिननं बरा होणारा आजार! तरी माणसं पुन्हा पुन्हा घेऊन यायची. मला अजूनही त्याचा संताप येतो.

*

आमच्या पेशंटांपैकी एकालाही हा रोग बाईकडून झालेला नसायचा. कोणाला ट्रामच्या सीटवरून, कोणाला न्हाव्याच्या टॉवेलवरून. आमचे साहेब, डॉ. सेनगुप्ता, समजावून थकायचे. "तसा नाही लागत हो. बिछान्यातून लागतो, दूषित रक्तातून लागतो, आईकडून पोटातल्या बाळाला लागतो."

एक हेडक्लार्क मात्र हटून बसले. ऑफिसच्या संडासातूनच लागला!

"बरं," साहेब म्हणाले, "मग पुढच्या वेळी त्या संडासाला घेऊन या. त्यालाही इंजेक्शन देऊ."

*

संडास कोणी आणला नाही, पण बायकोलाही कोणी आणत नसे. एकट्या नवऱ्याला इंजेक्शन देऊन काय होणार? रोग घरात राहायचाच.

हेच हेडक्लार्क पुढच्या आठवड्यात आले, एकटेच. म्हणाले, "डबल डोस मलाच द्या ना. रोग माझ्याकडून तिच्यापर्यंत पोचला, तर औषध नाही पोचणार?"

मी हसले. साहेब हसले नाहीत. त्या बाईंना आम्ही कधीच पाहिलं नाही.

*

बेहाला भागातल्या एका दुकानदाराला साहेबांनी निरोधची अख्खी पाकिटं दिली, वापरायचं कसं तेही नीट सांगितलं. महिनाभरात गडी परत हजर, तोच रोग घेऊन!

"वापरले नाहीत?"

"वापरले की! घरी वापरले. बाहेर कशाला, बाहेर कुठे मुलं होण्याची भीती आहे?"

*

एक दिवस समोर आपल्या मराठी मंडळातले एक गृहस्थ. बँकेत ऑफिसर, पुण्याहून बदलून आलेले. गणपतीत आरतीला पुढे असायचे. त्यांनी माझ्याशी बंगालीत बोलणं सुरू केलं! मीही बंगालीतच उत्तरं दिली. तपासणी झाली, इंजेक्शन झालं, सगळं बंगालीत. "मिसेसना आणा," हेही मी बंगालीत सांगितलं.

दारापर्यंत गेले आणि वळून मराठीत म्हणाले, "मंडळात भेटलो तर ओळख देऊ नका."

*

मंडळात भेटली ती त्यांची बायको. शालिनी. हळदीकुंकवाला माझ्याच शेजारी बसली होती. घरच्या बाईंनी माझा चहाचा कप उचलून वेगळा ठेवला, मी कुठल्या खात्यात आहे हे त्यांना कळलं होतं ना! शालिनीनं ते पाहिलं. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "ताई, तिसरा महिना आहे. आधीची दोन्ही मेलेलीच जन्मली. हे तरी राहील ना हो?"

ती मुलं का मेली ते मला तिथेच कळलं. सांगणार कसं? नवऱ्याचं गुपित फोडायची आम्हाला बंदी होती. मी म्हटलं, "उद्या दवाखान्यात ये. सगळ्याच गरोदर बायकांचं रक्त तपासतात, तुझंही तपासू."

रक्तात निघालंच. वेळेत होतं. इंजेक्शनं सुरू केली.

तिनं विचारलं, "ताई, हे मला कुठून आलं?"

"यजमानांना विचार."

बस, एवढंच म्हणू शकले.

घरी त्यांनी सगळं कबूल केलं. मग साहेबांनीही तिला स्वच्छ सांगितलं, "तुमचे मिस्टर बरे झालेत. पण बाहेरून पुन्हा घेऊन आले, तर तुम्हाला पुन्हा होईल आणि बाळालाही." ती ऐकत होती. रडली नाही.

*

पुढच्या मंगळवारी शालिनी आली ती एका बाईला मनगटाला धरून. बाई तिच्याच वयाची, डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढलेला. रांगेतले सगळे पुरुष भिंतीकडे बघायला लागले.

मी शालिनीला बाजूला घेतलं. "अगं, ही कोण?"

"ह्यांनी हिचा पत्ता सांगितला. सांगेपर्यंत मी जेवले नाही." तिचा श्वास लागला होता. "पुन्हा हिच्याकडे जाणार नाही म्हणतात, पण माझा विश्वास नाही. ताई, हिलाही इंजेक्शन द्या. मला हे मूल हवंय."

ती बाई सोडली तिथेच उभी होती. पळून जात नव्हती.

खिडकीत केसपेपर लिहिणारे आमचे हरिपदबाबू. सवयीप्रमाणे त्यांनी मान वर न करता विचारलं, "नाव?"

"मीना."

"नवऱ्याचं नाव?"

मीना खाली बघत राहिली. हरिपदबाबूंनी पुन्हा विचारलं, जरा जोरात. मागे रांगेत कोणीतरी हसलं.

शालिनीनं आपला केसपेपर खिडकीतून आत सरकवला आणि मोडक्या बंगालीत म्हणाली, "माझ्या पेपरवर लिहिलंय ना, तेच नाव लिहा."