बुडालेल्या जहाजातला हात

देवीनं मला वाचवलं, असं मी आजवर कुणाला छातीठोकपणे सांगितलेलं नाही. सांगायला गेलं की ज्ञानू डोळ्यांपुढं येतो आणि मी विषय बदलतो.

आमचं गाव भूमजवळचं, माळरानावरचं. ज्ञानू आणि मी एका वयाचे. विहिरीत कळशी पडो की पाण्याच्या मोटारीच्या पाइपाचा फूटवॉल गाळात अडको, बुडी मारायला लोक आम्हालाच हाक मारायचे. दुष्काळात विहिरी आटल्या आणि आम्ही दोघं खडी फोडायला गेलो. तिथल्या मुकादमाच्या ओळखीनं कोकणात काम मिळालं. समुद्रात बुडालेल्या एका जहाजातलं तांबं-पितळ सोडवून काढायचं. ज्ञानूची आई, सगुणामामी, त्याला सोडायला तयार नव्हती. नवरा गेलेला, हा एकुलता एक. मी म्हणालो, "मामी, म्या संगं हाय की." तेवढ्यावर तिनं त्याला धाडलं.

पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच लावून आम्ही वर्षभर त्या जहाजात उतरत होतो. त्या दिवशी सकाळी ज्ञानू इंजिनाच्या पलीकडच्या खोलीत शिरला, मी अलीकडे पाना लावून नट सोडवत होतो. एकदम हादरा बसला आणि गाळ उठला. स्वतःचा हात दिसेना. दाराकडे नेणारा दोर हातातून सुटला. लोखंडी भिंती चाचपडत मी किती वेळ फिरलो कोण जाणे. टाकीतली हवा जड जड येऊ लागली. देवीचं नाव घ्यायचंही सुचलं नाही, नुसतं 'आई' एवढंच मनात आलं. तेव्हा कुणीतरी माझं डावं मनगट धरलं आणि ओढत नेलं. पकड घट्ट होती, पण तिच्यात घाई नव्हती. दारापाशी हिरवट उजेड दिसला आणि मनगट मोकळं झालं.

होडीवर आलो तेव्हा मी हसत होतो. ज्ञानूनं मला बाहेर काढलं, मागोमाग येईलच, असं सगळ्यांना सांगत होतो. तो आला नाही. मग आमच्यातला जुना पाणबुड्या खाली गेला. वरचा गंजका पत्रा कोसळून दोन्ही खोल्यांमधली वाटच बंद झाली होती. तो बाहेरच्या फुटक्या बाजूनं पलीकडे शिरला, तेव्हा ज्ञानूचा पाय पत्र्याखाली गुडघ्यापर्यंत अडकलेला दिसला. तो माझ्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, असं त्या माणसानं मला दोनदा समजावून सांगितलं. मला ऐकू येत होतं ते वेगळंच. मी वर हसत होतो, तेव्हा खाली त्याची हवा संपत होती.

किनाऱ्यावरच त्याला अग्नी दिला. गावी तार करू नका, मी स्वतः सांगतो, असं म्हणून मी त्याच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन निघालो. पण सोलापूरहून आलेली एसटी तुळजापुरात थांबली आणि मी उतरलो. पुढं जायची छाती झाली नाही. तीन दिवस देवीच्या देवळाच्या बाहेर बसून राहिलो. आत गेलो नाही. काय विचारणार होतो? एकच हात होता, तर तो माझ्याकडंच का आला? जीव द्यावासा वाटायचा, पण त्याही साली जीव द्यायलाही विहिरींत पाणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी गळ्यात कवड्यांची माळ घातलेली एक म्हातारी आराधीण शेजारी टेकली. परडीतली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि गाठोडं कुणाचं म्हणून विचारलं. मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं समजूत घातली नाही.

"त्याच्या आईला ठावं हाय का?"

"न्हाय."

"मंग ती अजून वाट बघत आसंल. ऊठ."

ती स्वतः माझ्याबरोबर स्टँडवर आली, मी गाडीत चढेपर्यंत थांबली. तिचं नावही मी विचारलं नाही. पुढं कितीदा तरी तिला तिथं शोधलं. दिसली नाही.

सगुणामामीपासून मी काहीच लपवलं नाही. त्या हाताचंसुद्धा सांगितलं. ती बराच वेळ गाठोड्याची गाठ कुरवाळत बसली. मग म्हणाली, "म्या रोज दिवा लावताना दोगांचंबी नाव घेत हुते." एवढंच. नंतर ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मी परत समुद्राकडं गेलो नाही. टँकर आला की तिचा रांजण भरायचो आणि न बोलता निघायचो. तीही अडवायची नाही. तेवढ्या आधारावर मी ते वर्ष काढलं.

वर्ष सरल्यावर एकदा मी घागर ओतत असताना तिनं विचारलं, "तितं खाली दिसतंय कसं रं?"

मी उंबऱ्याशी बसलो. सांगितलं, की जहाजावर आता दगडी फुलांसारखं पोवळं उगवलंय. खिडक्यांतून पिवळ्या माशांचे थवे आतबाहेर करतात. पाणी कोमट असतं, अंगावर पांघरल्यासारखं.

"ज्ञानूला आवडायचं?"

"लई."

ती रडली, माझ्यासमोर पहिल्यांदाच. मीही रडलो. मग तिनं मला जेवायला बसवलं.

तो हात कुणाचा होता, हे मी आता विचारत नाही. ज्ञानू का नाही, याचं उत्तर मिळालं नाही आणि मिळणारही नाही, हे मी देवीच्या पायाशी ठेवून मोकळा झालोय. पूर्ण नाही, जमेल तेवढा. मामी होती तोवर तिच्या घरी पाणी भरलं. ते करायला मला वर काढलं असेल, तर त्या हाताचे उपकार मी मानतो.